टेन्साइल टेस्टचे आकडे दर वेळी वेगळे येतायत? कॅलिब्रेशनवाल्याला बोलवायच्या आधी हे बघा

टेन्साइल टेस्ट म्हणजे धातूचा तुकडा तुटेपर्यंत ओढून त्याची ताकद मोजणं. एकाच बारमधून काढलेले तीन तुकडे, एकच मशीन, एकच ऑपरेटर, आणि यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जायला लागतो) येतंय ३१०, ३४५, २९० एमपीए (मेगापास्कल, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मिमी). किंवा सप्लायरच्या सर्टिफिकेटवर एलाँगेशन (तुटेपर्यंत तुकडा किती लांबला) २५ टक्के आणि आपल्याकडे काही केल्या २३ च्या वर जात नाहीये. किंवा बाकी सगळं ठीक पण यंग्ज मॉड्युलस (धातूचा मूळचा ताठपणा) ४० जीपीए (१ जीपीए म्हणजे १००० एमपीए) दाखवतंय, जो कुठल्याच स्टीलचा नसतो. आणि दर वेळी पहिलं वाक्य ठरलेलं, "मटेरियलच खराब आहे" नाहीतर "लोड सेल गेला वाटतं". मला विचाराल तर लोड, म्हणजे लोड सेलने मोजलेला ओढण्याचा जोर, हा या टेस्टमधला सगळ्यात भरवशाचा आकडा असतो. गडबड बहुतेक वेळा तुकडा धरण्यात, तुकडा मोजण्यात, नाहीतर तो किती ताणला गेला हे मोजण्यात असते, आणि ती शोधायला मशीन उघडावं लागत नाही, ग्राफ आणि तुटलेला तुकडा समोर घेऊन बसलं तरी पुरतं.

आधी फक्त एवढंच बघा की कुठला आकडा चुकतोय. यील्ड आणि यूटीएस (तुकड्याने सोसलेला सगळ्यात जास्त ताण) दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वर किंवा खाली सरकले असतील तर एरिया (तुकड्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) नाहीतर लोड. यूटीएस व्यवस्थित जुळतंय आणि फक्त यील्ड नाचतंय तर एक्स्टेन्सोमीटर (तुकड्यावरच लावून त्याचं ताणणं मोजणारं उपकरण), स्पीड किंवा ऑफसेटची रेघ (ग्राफच्या सरळ भागाला समांतर, ०.२ टक्के पुढे काढलेली, ती ग्राफला जिथे छेदते तिथे यील्ड धरतात). फक्त एलाँगेशन चुकतंय तर गेज लेंथ (तुकड्यावरची जेवढी लांबी मोजायला धरली ती) आणि तुकडा नेमका कुठे तुटला ते. आणि फक्त मॉड्युलस वेडावाकडा असेल तर तुम्ही बहुतेक क्रॉसहेडच्या (तुकडा ओढणाऱ्या, मशीनच्या हलत्या आडव्या भागाच्या) हालचालीवरून स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं) काढताय. हे न बघता लोक सगळंच एकदम तपासायला घेतात, मग चार गोष्टी बदलल्यावर आकडा सुधारतो आणि कशामुळे सुधारला ते कुणालाच कळत नाही.

मॉड्युलसपासून सुरू करतो कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. समजा १२.५ मिमी व्यासाचा गोल तुकडा आहे, बारीक भागाची लांबी ६० मिमी. एरिया झाला साधारण १२२.७ चौरस मिमी. स्टीलचा मॉड्युलस २०० जीपीए धरला तर या तुकड्याचा ताठपणा येतो जवळपास ४०९ केएन (किलोन्यूटन) प्रति मिमी. आता मशीनची फ्रेम, ग्रिप (तुकडा धरणारी पकड), वेज (पकडीतल्या पाचरी), पिन, लोड सेल हे सगळं मिळून ताठपणा समजा १०० केएन प्रति मिमी आहे. २५० एमपीएला लोड होतो सुमारे ३०.७ केएन, तेवढ्या लोडला तुकडा ताणला जातो फक्त ०.०७५ मिमी, आणि मशीन स्वतः ०.३०७ मिमी. क्रॉसहेड दोन्हीची बेरीज दाखवतो. म्हणजे जे तुम्ही तुकड्याचं एक्स्टेन्शन म्हणून मोजताय त्यातलं चार पंचमांश मशीनचंच आहे, आणि हिशोब केला तर मॉड्युलस येतो ३९ जीपीए. याच मशीनवर तसाच ॲल्युमिनियमचा तुकडा लावा, खरा मॉड्युलस ७०, क्रॉसहेडवरून येईल २९ च्या आसपास. दोन इतके वेगळे धातू, आणि मशीनला ते जवळजवळ सारखे वाटतात! हे बघितल्यावर तरी क्रॉसहेडवरून मॉड्युलस काढायचा नाद सुटावा.

"मग मशीनचा ताठपणा मोजून तो वजा करू का" असं कोणीतरी विचारतंच. करता येतं, पण मशीनचा ताठपणा सगळ्या लोडला एकसारखा नसतो, सुरुवातीला वेज बसतात, पिनमधली ढिलाई निघते, जॉचे (पकडीच्या जबड्यांचे) दाते तुकड्यात रुततात, त्यामुळे ग्राफची सुरुवात पोटासारखी आत गेलेली दिसते आणि नंतर तो सरळ होतो. मऊ धातूत दाते जास्त रुततात, कडक धातूत कमी, म्हणजे दर मटेरियलला वजाबाकी वेगळी. अंदाजासाठी चालेल, रिपोर्टसाठी नाही. एक्स्टेन्सोमीटर लावा, आणि मॉड्युलसच हवा असेल तर दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढणारा लावा, कारण तुकडा थोडा जरी वाकत असला तरी एका बाजूला स्ट्रेन जास्त आणि दुसरीकडे कमी दिसते. मॉड्युलससाठी एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचं ई१११ हे वेगळं स्टँडर्डच आहे. रोजच्या टेन्साइल टेस्टच्या ग्राफवरून जी चढण सॉफ्टवेअर छापतं तिला मॉड्युलस म्हणून सर्टिफिकेटवर टाकू नका.

एक्स्टेन्सोमीटर लावूनही मॉड्युलस बरोब्बर दुप्पट किंवा निम्मा आला तर हसा आणि सॉफ्टवेअरची सेटिंग उघडा. एक्स्टेन्सोमीटर २५ मिमीचा आणि सॉफ्टवेअरमध्ये गेज लेंथ ५० टाकलीये, तर स्ट्रेन निम्मी दिसते आणि स्टील ४०० जीपीएचं होतं. याच्यात एक गंमत अशी की यील्डही किंचित वाढून येतं, कारण सॉफ्टवेअरला जे ०.२ टक्के वाटतं ते प्रत्यक्षात ०.४ असतं, पण वाढ इतकी थोडी असते की कोणी शंका घेत नाही. चढण दिसली म्हणून पकडलं जातं, नाहीतर हे महिनोन्महिने चालतं. आणि हो, एक्स्टेन्सोमीटरची लॉक पिन (लावताना त्याला अडकवून ठेवणारी) काढायची राहिली असेल तर ग्राफ सरळ उभा वर जातो, हे सांगायला नको पण सांगतो.

आता यील्ड. इथे जास्त वेळ थांबू कारण खरी भांडणं इथेच होतात.

पहिली गोष्ट झिरो. लोडचा झिरो तुकडा दोन्ही टोकांना धरायच्या आधी करायचा असतो, आयएसओ ६८९२-१ या टेन्साइल टेस्टच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं, वरचा ग्रिप बंद, खालचा ग्रिप बंद, हायड्रॉलिक ग्रिप बंद होताना तुकड्याला थोडं दाबतो, स्क्रीनवर उणे आकडा येतो, ऑपरेटरला तो खटकतो, तो झिरो दाबतो. झालं. जो दाब तुकड्यात होता तो हिशोबातून गायब, आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढ्याने चुकलेलं. जाड बारला हे कळत नाही. पण १ मिमी जाड, १२.५ मिमी रुंद पत्र्याला एरिया फक्त १२.५ चौरस मिमी, २५० न्यूटन लपले तर २० एमपीएचा फरक. आणि ग्रिप दर वेळी वेगळं दाबतो म्हणून फरकही दर वेळी वेगळा, म्हणजे बरोब्बर तेच "आकडे नाचतायत". उपाय एकच, लोड झिरो करून मग खालचा ग्रिप बंद करायचा, आणि बंद होताना लोड वाढू न देण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते ती चालू ठेवायची. यात यूटीएसही सरकतं, पण एमपीएमध्ये तेवढंच, टक्क्यात नाही, त्यामुळे एरियाच्या चुकीपासून हे वेगळं ओळखता येतं.

दुसरी गोष्ट स्पीड, आणि इथे दोन लॅब दोघंही स्टँडर्डप्रमाणे बरोबर असून आकडे वेगळे असू शकतात हे बऱ्याच लोकांना पटतच नाही. आयएसओ ६८९२-१ च्या मेथड बी मध्ये स्टीलसाठी स्ट्रेस रेट (ताण वाढवायचा वेग) ६ ते ६० एमपीए प्रति सेकंद चालतो. म्हणजे दहापट! साधं कार्बन स्टील वेगाला चांगलंच संवेदनशील असतं, जोरात ओढलं की यील्ड वर येतं. सप्लायर ५० ला चालवतोय आणि तुम्ही १० ला, तर काही टक्क्यांचा फरक येणारच, आणि त्याचं सर्टिफिकेट काठावर पास असेल तर तुमच्याकडे तेच काठावर फेल. मेथड ए यासाठीच आणली, तिच्यात स्ट्रेन रेट धरायचा, यील्डसाठी ०.०००२५ प्रति सेकंद, अधिक-उणे २० टक्के. एएसटीएम ई८ या अमेरिकन टेन्साइल स्टँडर्डमधला ०.०१५ प्रति मिनिट हा आकडा बघून गोंधळू नका, ६० ने भागा, तोच आहे.

पण इथे परत मशीनचा ताठपणा आडवा येतो. ६० मिमी लांबीला ०.०००२५ म्हणजे क्रॉसहेड ०.९ मिमी प्रति मिनिट. तुम्ही तो लावला, पण वरच्या उदाहरणात बघितलं तसं इलॅस्टिक भागात त्यातलं फक्त एक पंचमांश तुकड्याला मिळतं, बाकी मशीन खातं. मग यील्ड सुरू झालं की मशीन आणखी ताणली जात नाही आणि सगळी हालचाल एकदम तुकड्यात येते, म्हणजे ज्या क्षणी वेग स्थिर हवा त्याच क्षणी तो कित्येक पट बदलतो. एक्स्टेन्सोमीटरवरून वेग नियंत्रित करणारी मशीन असेल तर हा त्रास कमी, फक्त ठळक यील्ड पॉइंट असलेल्या स्टीलमध्ये ते नियंत्रण कधीकधी बिथरतं कारण यील्डिंग एक्स्टेन्सोमीटरच्या बाहेर सुरू होतं, त्याला काही हलतंय असं वाटतच नाही आणि तो स्पीड वाढवत जातो. तिथे क्रॉसहेडचा स्थिर वेग बरा. आणि यूटीएसकडे जाताना वेग वाढवायचा असेल, आयएसओत ०.००६७ प्रति सेकंद, म्हणजे याच तुकड्याला २४ मिमी प्रति मिनिट, तर तो यील्ड नोंदवून झाल्यावरच. ग्राफमध्ये ०.२ टक्क्यांच्या अलीकडे पायरीसारखी उडी दिसली तर वेग लवकर बदलला जातोय.

तिसरी गोष्ट, तुलना कशाशी करताय. एकाने अप्पर यील्ड (यील्डचं पहिलं शिखर) लिहिलंय, दुसऱ्याने लोअर यील्ड (त्यानंतरची खालची पातळी), तिसऱ्याने ०.२ टक्के प्रूफ (ऑफसेटच्या रेघेवरून काढलेलं), आणि तिघांच्याही रिपोर्टवर नुसतं "यील्ड स्ट्रेंथ". अप्पर यील्ड तर वेग, अलाइनमेंट, मशीनचा ताठपणा या सगळ्यावर हलतं. तुमचे ३१०, ३४५, २९० यातला ३४५ अप्पर आणि बाकीचे दोन प्रूफ असं होऊ शकतं, सॉफ्टवेअरला पहिलं शिखर सापडलं की ते अप्पर धरतं, नाही सापडलं की ऑफसेट काढतं. तीन ग्राफ एकावर एक ठेवून बघा, आकडे बघू नका.

ऑफसेटची रेघही बघा. सॉफ्टवेअर चढण काढायला ग्राफचा कुठला भाग घेतं ते बहुतेकांना माहीत नसतं. सुरुवातीचा आत गेलेला भाग त्यात आला की चढण कमी, रेघ तिरकी, प्रूफचा आकडा भलताच. एक्स्टेन्सोमीटरच्या ब्लेडची धार गेली असेल किंवा रबर बँड सैल असेल तर तो मध्येच घसरतो, ग्राफमध्ये आडवी उडी दिसते, लोड तसाच आणि स्ट्रेन पुढे किंवा मागे. लोडच मध्येमध्ये करवतीसारखा पडतोय आणि ग्रिपमधून कटकट आवाज येतोय तर तो जॉ घसरतायत. दोन्हीला "नॉइज" म्हणून फिल्टर वाढवणारे लोक असतात, कृपया ते करू नका.

एलाँगेशनचा घोळ बहुतेक वेळा मोजमापाचा नसून गेज लेंथचा असतो. एएसटीएम ई८ चा १२.५ मिमीचा गोल तुकडा ५० मिमी गेज लेंथवर मोजतात, म्हणजे व्यासाच्या चौपट. आयएसओत गेज लेंथ म्हणजे ५.६५ गुणिले एरियाचं वर्गमूळ, गोल तुकड्याला ते व्यासाच्या पाचपट पडतं, म्हणजे ६२.५ मिमी. नेक (तुटण्याआधी तुकडा एका जागी बारीक होतो तो भाग) जिथे पडतो तिथलं ताणणं दोन्हीकडे तेवढंच, पण भागाकार वेगळा. समजा सगळीकडे सारखं ताणलं गेलं १५ टक्के आणि नेकमुळे वरचे ५ मिमी. ५० वर मोजलं तर ७.५ अधिक ५, म्हणजे २५ टक्के. ६२.५ वर मोजलं तर ९.४ अधिक ५, म्हणजे २३ टक्के. तोच तुकडा, तेच स्टील! पत्र्यात तर ५० आणि ८० असे दोन प्रकार सर्रास चालतात. सर्टिफिकेटवर गेज लेंथ लिहिलेली नसेल तर एलाँगेशनच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आधी ती मागून घ्या.

तुकडा कुठे तुटला तेही बघा. आयएसओप्रमाणे तुटलेली जागा जवळच्या खुणेपासून गेज लेंथच्या एक तृतीयांशापेक्षा जवळ असेल तर मोजमापाला भरवसा नाही, पण एलाँगेशन कमीत कमी हवं तेवढं भरत असेल तर ते तरीही धरता येतं. आधीच पाच-पाच मिमीवर बारीक खुणा केल्या असतील तर टोकाकडे तुटलेल्या तुकड्याचंही एलाँगेशन काढायची रीत स्टँडर्डमध्ये दिलेली आहे, फक्त या खुणा शाईच्या असू द्या. पंच मारून केलेल्या खुणेवरच तुकडा तुटत असेल, विशेषतः कडक स्टीलमध्ये, तर मटेरियलचा काही दोष नाही.

एरियाचं थोडक्यात. १२.५ च्या तुकड्याचा व्यास ०.१ मिमी चुकला तर आकडा १.६ टक्के सरकतो, तिथे व्हर्नियरने भागेल पण मायक्रोमीटर घ्या. पातळ पत्र्यात मायक्रोमीटरच हवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जस्त काढून जाडी मोजा, ०.८ मिमीच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना ०.०२ मिमी जस्त असलं तर जस्तासकट मोजल्यावर ताकद जवळपास ५ टक्के कमी दिसते आणि मग कोणीतरी सप्लायरला मेल टाकतं.

तुकडा सारखा ग्रिपपाशी तुटतोय, हा वेगळाच आजार. बारीक भागाच्या टोकाला जिथे गोलाई सुरू होते तिथे तुटत असेल तर टर्निंग करताना टूलने कापलेली रेघ राहिली असेल किंवा गोलाई कमी असेल, १२.५ च्या तुकड्याला किमान १० मिमी रेडियस हवा. बोटाचं नख फिरवून बघा, रेघ नखाला लागते. बारीक भाग मध्याकडे किंचित निमुळता ठेवायला परवानगी आहे, १ टक्क्यापर्यंत, तेवढ्यानेही तुटणं मध्ये येतं. दर वेळी एकाच टोकाला, एकाच बाजूला तुटतंय? पुढचा तुकडा उलटा करून लावा. दोष तुकड्यात असेल तर तो तुकड्याबरोबर फिरेल, मशीनच्या अलाइनमेंटमध्ये असेल तर जागेवरच राहील. मशीनचाच असेल तर स्ट्रेन गेज लावलेल्या तुकड्याने एएसटीएम ई१०१२ प्रमाणे वाकणं मोजून घ्या. चपट्या तुकड्यात दोन्ही डोकी एका रेषेत नसतील तरी हेच होतं, तेव्हा मशीनवर संशय घ्यायच्या आधी तुकडा सरळ पट्टीला लावून बघा.

आणि ग्रिपच्या आत तुटत असेल तर जॉ बघा. तुकडा ग्रिपच्या लांबीच्या किमान दोन तृतीयांश आत गेला पाहिजे, अर्ध्यावर धरला तर वेज तिरके बसतात. दात्यांमध्ये स्केल (स्टीलवरची सुटी ऑक्साइडची पापुद्री) भरलेलं असतं, ते तारेच्या ब्रशने काढा. दाते झिजले की ऑपरेटर प्रेशर वाढवतो, मग तुकडा चेपतो आणि तिथेच तुटतो, मग म्हणतात मटेरियल ठिसूळ आहे.

तुकडा कुठून आणि कसा काढला हेही विचारा. रोलिंगच्या दिशेने आणि आडवा काढलेला यांचे आकडे वेगळे असतात, एलाँगेशन तर हमखास. गॅस किंवा लेसरने कापून कडेचा तापलेला भाग मशीनिंगने काढला नसेल तर तुम्ही त्याच भागाची टेस्ट करताय. पाइपमधून काढलेली पट्टी सपाट करून टेस्ट केली तर यील्ड कमी येतं, बाउशिंगर इफेक्ट, सपाट करताना एका दिशेने वाकवलेलं स्टील उलट्या दिशेने लवकर झुकतं. यूटीएस मात्र फारसं हलत नाही. पाइपवाल्यांशी होणारे निम्मे वाद इथले असतात.

एवढं करूनही यील्ड आणि यूटीएस दोन्ही खालीच असतील तर मग लोडवर संशय घ्या, आणि त्यालाही घरच्या घरी उलटतपासणी आहे. तुटलेल्या तुकड्याच्या जाड टोकावर ब्रिनेल हार्डनेस (गोळी दाबून उमटलेल्या ठशावरून मोजलेला कडकपणा) घ्या, ओरखडे घासून, ठसे एकमेकांपासून आणि कडेपासून पुरेसे लांब. जॉच्या दातांनी दाबलेल्या जागी घेऊ नका, तिथे धातू कडक झालेला असतो. साध्या कार्बन आणि लो अलॉय स्टीलमध्ये ब्रिनेलचा आकडा गुणिले ३.४५ म्हणजे साधारण यूटीएस एमपीएमध्ये. ब्रिनेल १५० आलं तर ५१५ च्या आसपास अपेक्षा, आणि मशीन ४३० दाखवत असेल तर आता खुशाल कॅलिब्रेशनवाल्याला फोन करा. हे गणित ऑस्टेनिटिक स्टेनलेसला किंवा ॲल्युमिनियमला लावू नका, आणि रिपोर्टवर तर अजिबात लिहू नका, हे फक्त दिशा कळण्यापुरतं.

रीटेस्टबद्दल एक. तुकडा चुकीचा मशीन केला होता, माप चुकलं, ग्रिप घसरला, खुणेबाहेर तुटला, ही तुकडा बाद करायची खरी कारणं, आणि ती त्याच वेळी लिहून ठेवायची. "बाकी दोघांपेक्षा कमी आला" हे कारण नाही. तीनातला एक खरोखर कमी असेल आणि तुटलेल्या तोंडावर चमकणारा ठिपका किंवा काळी रेघ दिसत असेल तर तो इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण) किंवा लॅमिनेशन (आतला सुटलेला थर) असू शकतो, तो तुकडा फेकू नका, दोन्ही तोंडं एकमेकांवर न घासता, तेल लावून पिशवीत ठेवा.

आणि मदत मागताना नुसता आकडा टाकून "काय चुकलं असेल" विचारू नका. लोड आणि एक्स्टेन्शनचा कच्चा डेटा, तुकड्याची मोजलेली मापं, गेज लेंथ, स्पीड, कुठलं स्टँडर्ड आणि त्यातली कुठली मेथड, झिरो कधी केला, आणि तुटलेल्या दोन्ही तुकड्यांचा पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो.